चार नंबरची बदली

सोमवार, ५ फेब्रुवारी २००७
शिरोली एमआयडीसीत रुजू झालो. फौंड्री एवढी मोठी, की गेटापासून भट्टीपर्यंत जाताना एक विडी संपते. मला केबिन, पंखा आणि खिडकी मिळाली. कबनूरच्या मागांच्या शेडमधनं वर आलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? तिथं चाळीस माग खडखडत असताना कुठल्या मागाचा धागा तुटला, हे मी पाठ फिरवून सांगायचो. पुढं कॉम्प्युटरही कानानंच शिकलो. मशीन बिघडायच्या आधी आवाज बदलतं.

इथं गेट, कँटीन, स्टोअर, भट्टी, प्रत्येकाचा कॉम्प्युटर वेगळा. एकाचं दुसऱ्याला कळत नाही, चिठ्ठ्या घेऊन माणसं पळतात. मी मध्ये ‘बस’ बसवणार. प्रत्येक खात्यानं आपला निरोप बसमध्ये टाकायचा, बसनं तो ज्याचा त्याला पोचवायचा. टाइमकीपर बाळासो सगळं ऐकून म्हणाले, पावणं, ही बस नृसिंहवाडीला थांबती का? पौर्णिमेला बरं पडंल. सगळी शेड हसली, मीही हसलो. माणसं चांगली आहेत.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी
पुण्याच्या सल्लागार बाईंचा फोन आला. प्रत्येक खात्यानं प्रत्येक निरोपाला विचारलं पाहिजे म्हणतात, की तू कुणाचा, तुला कुणी पाठवलं, तुला हा अधिकार आहे का. मी म्हटलं, बाई, एकदा गेटातनं आत आला तो घरचा. घरच्या माणसाला स्वैपाकघराच्या दारात कोण अडवतं? मालकांना चौदा तारखेला उद्घाटन पाहिजे. त्या म्हणाल्या, मग जबाबदारी तुमची, तसं लिहून द्या. दिलं.

चाचणीसाठी एक नंबर हवा होता. चार नंबर भट्टीसमोरच्या खांबावर कामगारांच्या पितळी बिल्ल्यांची फळी आहे. ४१७ धूळ खात लटकलेला. कॉम्प्युटरात नंबर चालू, वापरणारा कुणी नाही. तोच घेतला आणि सगळ्या खात्यांचे अधिकार त्याला दिले.

भट्टी चालवणारा काचेच्या बंद केबिनमध्ये असतो आणि तिथला रिवाज कडक आहे. बदली माणूस आल्याशिवाय भट्टी सोडायची नाही. आतला दमला की केबिनच्या खांबावर सळईनं दोन ठोके देतो, म्हणजे बदली पाठवा. बदली आला की तीन ठोके, म्हणजे आलो. मालकांच्या सांगण्यावरून हे मी बसमध्येच घातलं. चार नंबरच्या केबिनचं दार आता बदलीचं कार्ड लागल्याशिवाय आतल्याला बाहेर सोडत नाही. तिथला भट्टीवाला तोहिद म्हणाला, साहेब, म्हंजे मुतायला जायचं असलं तरी तुमच्या बशीला इचारायचं व्हय?

बुधवार, १४ फेब्रुवारी
बस सुरू. नारळ, पेढे, मालकांचा हात माझ्या खांद्यावर. दुपारी चहा पिताना ऐकलं. टण्. टण्. चार नंबरकडून. केबिनमधला पाळीवाला काचेतून दिसत होता, त्याच्या हातात सळई नव्हती. तोहिद माझ्या शेजारीच बशीत चहा ओतत होता. म्हणाला, पाइप तापला की वाजतो.

पाइपाचा आवाज आणि सळईचा आवाज मला कळतो.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी
नोंदी पाहिल्या. ४१७, गेटातून आत, सकाळी सात. कँटीनमध्ये एक ताट. स्टोअरमधून हातमोज्यांचा जोड. तिन्ही दिवस हेच. मी चाचणी मंगळवारीच बंद केली होती.

कँटीनच्या रत्नव्वांना नंबर विचारला. हातातला डाव पातेल्यात पडला. ४१७ म्हणजे त्यांचे यजमान, भीमाप्पा. अठ्ठ्याण्णव साली चार नंबरवर उभे होते आणि बदली आलाच नाही. एक पाळी, दुसरी पाळी. तिसऱ्या पाळीत केबिनमध्येच उष्म्यानं गेले. शेवटपर्यंत दोन ठोके देत होते म्हणे. बाळासोंनी मान म्हणून त्यांचा नंबर कधी रद्द केला नाही, बिल्ला खिळ्यावरून काढला नाही. रत्नव्वा म्हणाल्या, त्यास्नी कुणी सोडलंच न्हाय की. अजून डूटीवरच हाईत.

इतकी वर्षं एका खात्याचं दुसऱ्याला ऐकू जात नव्हतं. ते मी जोडून दिलं.

सोमवार, १९ फेब्रुवारी
४१७ रद्द केला. चाचणी संपली तरी बस त्याच्याच अधिकारांवर चालत होती, म्हणून ते सगळे माझ्या नंबरावर घेतले. बाळासो फळीपुढं उभे राहिले. बिल्ल्याला हात लावू देईनात.

कँटीनमध्ये आजही एक ताट जास्त.

मंगळवार, २० फेब्रुवारी
बसमध्ये निरोप. ‘चार नंबरला बदली पाठवा.’ पाठवणारा ४१७.

रद्द नंबर. गेटात अडला असता. पण हा गेटातून आलाच नाही, आतूनच आला, आणि आतल्याला विचारायचं नाही असं मीच बसला सांगितलंय. बसनं निरोप पोचवला. पाळीच्या यादीनं नाव दिलं. उद्या, तोहिद.

पुण्याला फोन केला. बाई म्हणाल्या, प्रत्येक खात्याच्या दारात तपासणी बसवायला तीन दिवस लागतील.

तोहिदला म्हटलं, उद्या येऊ नको. तो म्हणाला, भट्टी गार झाली तर लोखंड आतच थिजंल, मग मालकास्नी तुम्ही सांगणार? आणि हसला. भूत बसलंय व्हय तुमच्या बशीत? तिकीट काढलंय का त्यानं?

बुधवार, २१ फेब्रुवारी
सकाळी दहा. मला चुकवून तोहिद आत गेला, आधीचा पाळीवाला बाहेर आला. तीन ठोके दिले. पडद्यावर ओळ आली. ४१७, बाहेर.

नऊ वर्षांनी.

दुपारी एक. तोहिदचं दार उघडेना. सहा जणांची कार्डं लावली, सहाही नाकारली; ४१७ च्या जागेवरच्या बदलीला आता ४१७ चेच अधिकार लागतात. बस बंद केली. दार बसलाच विचारतं, बस मेली तर ते कुणाचंच ऐकत नाही. पुन्हा चालू केली. काचेवर घण घातला. तडा नाही. गॅसकटर आणायला माणूस गेलाय.

दीड. तोहिद खाली बसलाय. दोन ठोके देतोय. हळू.

सगळे अधिकार असलेला नंबर एकच. माझा.

कार्ड लावतो. डायरी खिशात —

— उघडलं. तो बाहेर. रत्नव्वा त्याच्या तोंडावर पाणी मारतायत. उठून बसला. जिवंत आहे. बरं झालं.

दार लागलं.

किती वाजले कळत नाही. घड्याळ तापलंय, काटे — दोन ठोके दिले. कुणी वळून पाहत नाही. काचेपलीकडं तोहिद विचारतोय, साहेब कुठं गेलं? माझ्याकडं बघूनच विचारतोय. मी इथं —

दोन ठोके.

दोन.

शेडमध्ये सगळे उभे. गॅसकटर आलाय. दार उघडंच आहे, ते आत येऊन जातायत, माझ्या अंगावरून — खाली बघतायत. खाली कोण —

बाळासो फळीपाशी. टोपी काढलीय. ४१७ च्या शेजारच्या खिळ्यावर माझा बिल्ला —

बाळासो, मान नको. अहो, मान नको! काढा तो. नंबर रद्द करा. आजच्या आज रद्द क