शॉवरच्या डाव्या हाताची भिंत

प्रिय ताई,

तुझा फोन झाल्यापासून तुमचं बाथरूम डोळ्यांपुढून हलत नाही. फोनवर बोलायचं तर तू स्पीकर लावतेस, दाजी मधेच सल्ले देतात आणि मूळ गोष्ट राहूनच जाते. आमचा सुतार रजेवर तिकडे निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. शाळेत अख्ख्या वर्षात मी एवढं लिहिलं नसेल, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

आधी कामाचं. टाइलांच्या फटींतला सिमेंटचा माल भुगा होऊन पडतोय आणि भिंतीमागच्या खोलीत, कपाटाशेजारी, रंगाला पोपडे आलेत म्हणालीस. वरून पांढरं सिमेंट फासू नका. दाजींचे हात शिवशिवत असतील, त्यांना आवर. आत पाणी असलं तर ते आतच कोंडून बसेल. जिथवर ओल आहे तिथे पेन्सिलीनं रेघ मार आणि आठ दिवस शॉवर बंद ठेव. मागच्या मोरीत बादली घेऊन आंघोळी करा. ओल रेघेच्या आत आली तर पाणी फटींतून जातंय. शॉवर बंद असूनही रेघ ओलांडली तर पाइप गळतोय. आणि शॉवरच्या डाव्या हाताच्या भिंतीवर नाण्यानं टकटक करून बघ. पोकळ वाजेल.

मी बरा आहे. खरंच बरा, नेहमी तुझी समजूत काढायला म्हणतो तसा नाही. इथे आमचं काम एकच, गळकी बाथरूमं उघडायची आणि नीट बांधून द्यायची. आमची मुकादम एक बाई आहे. उंचीनं माझ्या खांद्याला, पण तिचा आवाज आला की सपाटी मोजायच्या लेव्हलमधला बुडबुडासुद्धा गुमान मधोमध येऊन थांबतो. दहा टाइला लावल्या की त्यातली एक ती ओली असतानाच उचकटते आणि पाठ बघते. माल सगळीकडे पसरलेला नसला तर भिंत उतरवायची. पहिल्या आठवड्यात माझी दोनदा उतरवली. वाटलं, गेली उडत, बॅग भरावी. तुला ठाऊकच आहे, बेकरी, गॅरेज, गोदाम, कुठेही चार महिने टिकलो नाही मी. पण तिसऱ्यांदा टाइल निघता निघेना. तिनं थापी माझ्या हातात परत दिली आणि चहा प्यायला गेली. तेव्हापासून पाय ठरलाय. दोन वर्षं होतील आता. सकाळी कामावर जायचा कंटाळा येत नाही, हे तुला खोटं वाटेल.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तू हसत हसत सांगितलंस की दाजींनी मिस्त्रीकाकांना भर चौकात धरलं, तुमचे हात थरथरायला लागले, आता घरी बसा म्हणाले, आणि काका मान खाली घालून म्हणाले, भिंत मीच उघडून देतो. ताई, बाकी बाथरूम काकांनी बांधलं, पण ती डाव्या हाताची भिंत त्यांनी लावलेलीच नाही. तेव्हा मी त्यांच्या हाताखाली होतो, आणि ते काम माझ्या भरवशावर टाकून दोन दिवस लेकीकडे गेले होते. माझा इथे परदेशात काम करायचा परवाना आला होता, डोकं ठिकाणावर नव्हतं. प्रत्येक टाइलमागे मालाचे पाच गोळे थापले, मधे सगळी पोकळी, आणि दुपारच्या जेवणाआधी भिंत उभी. काकांनी येऊन विचारलं, पाठ भरलीस ना रे? मी भरली म्हणालो. त्यांनी विश्वास ठेवला. आणि चौकातही माझं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. हे पत्र दाजींना वाचायला दे आणि त्यांना लगेच काकांकडे पाठव. रागावले तेवढ्याच मोठ्या आवाजात माफी मागू देत. मला काय बोलायचं ते समोर बोला, पुढच्या महिन्यात पंधरा दिवस रजेवर येतोय. काकांना म्हणावं, त्या भिंतीला हात लावू नका. ती माझी आहे.

तुझाच, ओरडा खायला तयार असलेला,
धाकटा