अक्काकडे जातो म्हणून

पांडेसरा, सुरत
रविवार, १२ एप्रिल २०२६

ती. अनुसयाअक्कास,

धाकट्या वाल्मिकचा पाया पडून नमस्कार. दाजींनाही सांग. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, तिकडची खुशाली कळव.

वरची ओळ सवयीने लिहून गेलो. खोडणार होतो, पण पहिल्याच ओळीत खाडाखोड बरी दिसत नाही, म्हणून राहू दिली. मजेत आहोत हे आता बरंचसं खरं आहे. जे खरं नाही त्याच्यासाठी हे पत्र.

फोन का केला नाही, असं तू म्हणशील. तुझा फोन स्वातीच्या हातात असतो, आणि तुझी ही गुणाची सून तो स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवते. मी काय बोललो ते तुझ्याआधी तुझी जाऊ, शेजारीण आणि दारातल्या कोंबड्या ऐकतात. शिवाय साखरपुड्यापासून दोन महिने झाले, तू फोनवर येतच नाहीस. स्वाती म्हणते, "आई शेतात गेल्या." सकाळी शेतात, दुपारी शेतात. दोन महिन्यांत एवढी शेती केलीस तर यंदा अख्ख्या दोंडाईच्याला ज्वारी पुरेल.

आधी बातम्या. धनश्रीचं लग्न दिवाळीनंतर धरायचं ठरतंय. जावई सागर चांगला आहे, उधन्याला लूमची मशीनं दुरुस्त करतो. परवा आला आणि आमचा मिक्सर, पंखा आणि दाराची कडी दुरुस्त करून गेला. कडी बिघडलेली नव्हती, आता बिघडली आहे. मिलमध्ये माझं रंगखातं ठीक चाललंय. शेठने लग्नसराईच्या साड्यांसाठी नवा गुलाबी मागितला होता, तो तिसऱ्या फेरीत जमला.

आता मूळ गोष्टीवर येतो. कुठून सुरुवात करू कळत नाही, म्हणून तुला ठाऊक आहे तिथूनच करतो.

साडेतीन वर्षांपूर्वी माझं मन खचलं होतं ते तू पाहिलंस. जेवण नाही, झोप नाही, कोणी बोललं तर नकोसं व्हायचं. उधन्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्यांनी विचारलं, "रंग फिके दिसतात का?" मी म्हटलं, "साहेब, मी रंगमास्तर आहे. मला रंग फिके दिसले तर शेठ मला घरी बसवेल." तेव्हाही जीभ चालत होती बघ. गोळ्या लागू पडल्या, मी माणसात आलो, आणि तू मारुतीला नारळ फोडलास.

पण दीड-दोन वर्षांनी त्या गोळ्या चालेनाशा झाल्या, अक्का. रोज घेत होतो, वेळेवर घेत होतो, तरी एका सकाळी एक मोजा पायात आणि एक हातात धरून पाऊण तास पलंगावर बसून राहिलो. तुझ्या भावजयीला, चंचलला, वाटलं मी मोज्याचं भोक बघतोय.

डॉक्टरांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. तुला हसू येईल, पण मला त्यांचा संकोच वाटला. मी त्यांचा आवडता पेशंट होतो. दवाखान्यात नवीन कोणी घाबरलेला आला की ते मला बोलवायचे, "वाल्मिकभाई, यांना सांगा तुम्ही कसे बरे झालात." मी तिथे बसून भाषण द्यायचो. आता त्याच माणसाला कुठल्या तोंडाने सांगू की साहेब, तुमच्या गोळीने हात टेकले? मग मी माझं औषध शोधलं.

इथे दारूबंदी आहे, पण मिळत नाही असं नाही. गल्लोगल्ली मिळते. पण पांडेसऱ्यात निम्मी वस्ती आपल्या खान्देशातली. सकाळी मी घोट घेतला तर दुपारपर्यंत दाजींना कळलं असतं. म्हणून मी नवापूर शोधलं. तुझ्याकडे येणारीच गाडी. नवापूर आलं की महाराष्ट्र लागला, उतरलं की दुकान उघडं. जवळ एक लॉज होता. शनिवारी संध्याकाळी निघायचो, रविवारी दुपारी तोंडात वेलदोडा टाकून परत. घरी सांगायचो, "अक्काकडे जातो."

चौदा महिने, अक्का. महिन्यातले दोन शनिवार, मग तीन, मग सगळे.

चंचल दर वेळी तुझ्यासाठी काहीतरी बांधून द्यायची. कधी नानखटाई, कधी खमण, सणाला घारी. ते सगळं लॉजवाल्याच्या पोरांनी खाल्लं. दोन्ही गुबगुबीत झाली आहेत. परत आलो की ती तुझी खबर विचारायची आणि मला रचून सांगावी लागायची. दाजींचा गुडघा दुखतोय, स्वातीचं आणि तुझं मिठावरून वाजलं. काही सुचलं नाही की तुझी म्हैस व्याली म्हणायचो. एका वर्षात मी तुझ्या म्हशीला तीनदा व्यायला लावलं. चंचल सुरतेत वाढलेली, तिने दर वेळी खरवस विचारला.

भाऊबीजेला तुला फोन करून म्हटलं, मिलमध्ये अर्जंट ऑर्डर आहे. चंचलला येऊन सांगितलं, अक्काने ओवाळलं. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते.

पण खरी चूक याहून मोठी आहे. मी रविवारी घरी यायचो तेव्हा डोळे लाल, तोंड बंद, बायकोने हात लावला तरी चिडायचो. चंचल काय समजली सांगू? तिला वाटलं, तू माझे कान भरतेस. बहीण-भाऊ रात्रभर बसतात, रडतात, आणि तू तिच्याबद्दल काहीबाही सांगून मला पाठवतेस. ती एकदा तसं म्हणालीही. मला तेव्हा "तसं नाही" असं म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता, "मग तिथे करता काय?" म्हणून गप्प बसलो. तुम्ही दोघी फोनवर फारशा बोलत नाही, त्यावरच माझं सगळं चाललं होतं.

आणि मग धनश्रीचा साखरपुडा झाला. ओटी भरायचा मान आत्याचा. चंचलने तो तिच्या बहिणीला, मनीषाला दिला. तुला मागे खुर्चीवर बसवलं, कुंकू लावायलाही पुढे बोलावलं नाही. तू न जेवता निघालीस. रिक्षात तू मला विचारलंस, "वाल्मिक, तुनी बायकोनी मनाकडे पाहिलं बी नही. मनं काय चुकनं रे भाऊ?"

मी म्हटलं, "तिचा स्वभावच तसा आहे, अक्का." तुला पाण्याची बाटली घेऊन दिली आणि गाडीत बसवलं.

तुझं काही चुकलं नव्हतं आणि तिचा स्वभाव तसा नाही. तुम्ही दोघी एकमेकींवर रागावून होतात तोवर माझा शनिवार सुरक्षित होता. एवढंच खरं आहे. हे तुला सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही.

आता कुकरची शिट्टी झाली आणि धनश्री दोनदा डोकावून गेली. उरलेलं नंतर लिहितो.

गुरुवार

चार दिवस पत्र तसंच राहिलं. टाळत होतो असं नाही. बरं, टाळत होतो.

मार्चच्या पहिल्या रविवारी लॉजवर जागा झालो तेव्हा वाटलं, घरी जाऊच नये. कुठेच जाऊ नये. याहून जास्त लिहीत नाही, तुला कळलं असेल. मी इतका घाबरलो की तोंडही न धुता गाडी धरली आणि वेलदोडा न खाता घरी आलो. चंचलने दार उघडलं, वास आला. तिला समोर बसवून सगळं सांगितलं.

मला वाटलं ती दारूवरून बोलेल. दारूचं तिने नावही काढलं नाही. म्हणाली, "मंग अक्का मना बारामा काहीच बोलनी नही?"

म्हटलं, "बोलेल कशी? मी तिला भेटलोच नाही."

तेव्हा ती रडायला लागली. "मी त्या माउलीले पाटवर बी बसाडं नही," एवढंच म्हणत राहिली. मग उठून मला दोन बोलली, म्हशीवरून चार बोलली, आणि सोमवारी हाताला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर रागावतील म्हणून मी मान खाली घालून बसलो होतो. ते हसून म्हणाले, "वाल्मिकभाई, गोळीने खोटुं नहीं लागे." म्हणजे गोळीला काही राग येत नाही. काहींना एक गोळी काही काळाने पुरत नाही, तेव्हा सांगायचं असतं, मग बदलता येते. आणि दारूने तर उरलीसुरली गोळीही वाया घालवली. दारू एकदम सोडली की झटके येऊ शकतात, म्हणून दहा दिवस दवाखान्यात ठेवलं. मिलमध्ये कावीळ सांगितली. त्यामुळे आता सगळं रंगखातं मला उसाचा रस पाजतं, आणि मी निमूटपणे पितो.

तेव्हापासून घेतलेली नाही. नवी गोळी सुरू आहे, अजून पूर्ण लागू पडलेली नाही. काही सकाळी जड जातात. पण त्या दिवशी सागर कडी दुरुस्त करत होता तेव्हा मी मोठ्याने हसलो, आणि चंचल स्वयंपाकघरातून धावत बघायला आली.

माहेरवाशिणींची आखाजी तोंडावर आली आहे. आई-आबा गेल्यापासून तुझं माहेर म्हणजे हेच घर. तुला आणायला मुराळी पाठवायला हवा, आणि मुराळी मीच व्हायला हवा. काल मी उधना स्टेशनावर तिकीट काढायला गेलो. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "कहां का?" आणि अक्का, माझ्या तोंडून निघालं, "नवापूर."

मी तिकीट न घेताच परत आलो. दोंडाईचा म्हणता आलं असतं, पुन्हा रांगेत उभं राहता आलं असतं. पण ती गाडी नवापूरला थांबते, आणि मी तिथे डब्यात बसून राहीन अशी खात्री आज मला देता येत नाही. तुझी माफी मागायला तुझ्या दारात येणं माझं काम आहे, आणि नेमकं तेच मला जमत नाहीये. हे चंचललाही सांगितलं. आता काहीच लपवायचं नाही असं ठरलं आहे. फार कंटाळवाणं काम आहे ते.

ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्ही घर ऱ्हावा. मुराळी मी जास."

मी म्हटलं, नणंदेला आणायला भावजय गेलेली कोणी ऐकलंय का? लोक हसतील. ती म्हणाली, तिच्या साखरपुड्यातल्या वागण्याला कोणी हसलं नाही, तेव्हा हसायला हवं होतं. उद्या सकाळी निघते आहे. मला धनश्रीच्या पहाऱ्यात ठेवलं आहे, आणि ती तिच्या आईपेक्षा कडक आहे.

पत्र टपालात टाकू नका, मीच देते, असंही म्हणाली. तिने ते वाचलेलं आहे. म्हशीचा भाग दोनदा वाचला.

म्हणजे तू हे वाचते आहेस तेव्हा ती तुझ्यासमोर उभी आहे, अक्का. तू बस म्हटल्याशिवाय ती बसणार नाही, तसं ठरवून आली आहे. तुला जे बोलायचं असेल ते बोल, ती ऐकून घेईल. फक्त त्यातलं माझ्या वाट्याचं तिच्यावर काढू नकोस. ते राखून ठेव आणि इथे येऊन मला समोर बसवून बोल.

शनिवारी तुमची गाडी येईल तेव्हा मी उधन्याच्या फलाटावर असेन. अजून मला तेवढंच जमतं.

आधी तिला बस म्हण.

शुद्धीत, दिवसाउजेडी आणि तुझीच वाट पाहत असलेला,
तुझा भाऊ
वाल्मिक