जवसाच्या तेलाच्या दोन वाट्या

३ मार्च
डॉक्टर म्हणतात, वास घेण्याची शक्ती जातेय, मेंदूची तपासणी करा. चौतीस वर्षं केमिस्ट्री शिकवली मी! बाटलीचं झाकण किलकिलं करून आतलं रसायन ओळखायचे. या पोराचं वय माझ्या अ‍ॅप्रनपेक्षा कमी. सुनेला सांगितलं, चोवीस तारखेची तपासणी रद्द कर. नाकाचा पुरावा मीच देणार.

४ मार्च
खिडकीत तेलाच्या दोन वाट्या. एकीत व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडली, दुसरी तशीच. साधं तेल आधी खवट होणार, आणि पहिला वास मला येणार. सून कुरकुरली, वाट्या स्वयंपाकाच्या होत्या. होत्या.

७ मार्च
खवट म्हणजे नेमकं काय, असं सुनेनं विचारलं. कॉन्व्हेंटमध्ये एकीची पेन्सिल गेली की ती शेजारणीची उचलायची, शेजारीण पलीकडचीची. सिस्टर येईपर्यंत अख्खा बाक चोर! तसंच हे. चरबीच्या रेणूचा हायड्रोजन जातो, रिकाम्या जागी ऑक्सिजन चिकटतो, आणि हा नवा गुंड शेजाऱ्याचा हायड्रोजन ओरबाडतो. मागे पेरॉक्साइड उरतं. त्याला लोह भेटलं की ते फुटून आणखी गुंड. व्हिटॅमिन ई म्हणजे आपली पेन्सिल देऊन गप्प बसणारी गुणी मुलगी. पेशींच्या पडद्यातही हेच चालतं, मेंदूत तर फारच.
मग तुमच्या मेंदूत, आई? असं ती म्हणाली. मी दोन वर्षं कॅप्सूल घेतेय, असं ठणकावलं.

१३ मार्च
दोन्ही वाट्यांना वास नाही. तेल अस्सल निघालं. सून म्हणते, घरभर जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास सुटलाय. नाटकी बाई.

१९ मार्च
दूध करपलं म्हणून आरडाओरडा. मी शेगडीशेजारीच पेपर वाचत होते. करपलं असतं तर मला कळलं नसतं?

२१ मार्च
वाद नको. शाळेच्या प्रयोगशाळेतून पोटॅशियम आयोडाइड आणवलं. पेरॉक्साइड असेल तर त्यातून आयोडीन सुटतं आणि स्टार्च निळा होतो. रसायन खोटं बोलत नाही. सुना बोलतात.

२३ मार्च
साधं तेल काळंनिळं. कॅप्सूलचं फिकट निळं.
दोन्ही वाट्यांत नाक घातलं. शेंड्याला तेल लागलं, बाकी काही नाही.
सुनेला दारात पाठमोरं उभं केलं, वाट्यांची अदलाबदल केली, एकेक तिच्या खांद्यामागे धरली. दुसरीला तिनं नाक दाबलं. बरोबर, ती साध्या तेलाचीच होती.
तपासणीची वेळ पुन्हा मिळेल का, असं विचारलं. वळलीसुद्धा नाही. म्हणाली, उद्या अकराला आहे, आई, मी रद्द केलीच नव्हती.