बॉनेटची उजवी बाजू

प्रिय ठमे,

तुला नवं घर मिळालं हे ऐकून देवापुढे साखर ठेवली. पडदे विकत आणू नकोस. इथे दोन चांगल्या चादरी नुसत्या पडून आहेत, मी येताना त्यांचे शिवून आणते. "आई, तू ये, पण एकटी ये," असं तू म्हणालीस ते माझ्या लक्षात आहे. येणारच आहे. आणि गेल्या रविवारी बोलता बोलता मी मधेच गप्प झाले, तू सारखं विचारत राहिलीस, "आई, लाइन गेली का?" आणि मी खरखर होतेय असं सांगून फोन ठेवला. लाइन गेली नव्हती ग. काय झालं होतं तेच लिहायला बसले आहे, पण सुरुवात गाडीपासून करावी लागेल. तुला कंटाळा येईल. तरी शेवटपर्यंत वाच, टपालाचा खर्च वाया घालवू नकोस.

एकटी ये म्हणालीस, हे मी बाबांना सांगून टाकलं. दोन खोल्यांच्या घरात लपवणार काय आणि कुठे? मला वाटलं, आता आवाज चढेल, "मी काय परका आहे का?" सुरू होईल. तसं काही झालं नाही. तू हे मला कधी आणि कसं सांगितलंस, तेही त्यांनी विचारलं नाही. ते चहाची बशी गोल गोल फिरवत बसले आणि मग म्हणाले, "एकटी कशी जाशील? बस लागते तुला. मी सोडतो, खाली गाडीत बसून राहीन. वर येणार नाही." मी काही बोलणार तेवढ्यात म्हणाले, "पण गाडी अशी नेता येणार नाही. तिच्या दारात उभी राहायची आहे."

वर येणार नाही असं ते का म्हणाले, हे तुला मी कशाला सांगू! डबा द्यायचं निमित्त करून तुझ्या ऑफिसात वर चढून गेले आणि सगळ्यांदेखत साहेबांना विचारून आले, "हिला रोज उशिरापर्यंत का थांबवता?" लोक हसले ते त्यांना कळलंही नाही. त्याच्या आधी घरमालकिणीकडे तुझ्या येण्याजाण्याची चौकशी, आणि रोज सकाळ-संध्याकाळ फोन, जेवलीस का, पोचलीस का, कुणाबरोबर पोचलीस. तू गाव बदललंस, नंबर बदललास. मी तुला बोल लावत नाही, माझाही कितीदा जीव गुदमरलाय. जन्मभर कारखान्याच्या तपासणी खात्यात काढलेला माणूस, हातात येईल ती वस्तू उचलायची, फिरवायची, उजेडाला धरायची. निवृत्त झाले तरी हात काही निवृत्त झाले नाहीत.

त्या हातांना एक गाडी तेवढी होती. तू शाळेत जायला लागलीस त्या वर्षी घेतलेली, तीच गडद निळी. रोज सकाळी माझ्या फाटक्या चादरीचा तुकडा घेऊन खाली जायचं आणि ती पुसायची. रविवारी तर फारच वेळ. तुला त्यांची ही वेळ पाठ, म्हणून तर तू रविवारी नेमका त्याच वेळी मला फोन करतेस. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून तुझ्याशी पोटभर बोलते आणि ते वर यायच्या आत फोन ठेवून कणीक मळायला घेते. आपण दोघी किती शहाण्या, असं मला वाटायचं.

तर ते कुठूनसं ऐकून आले की गाडीवर सिरॅमिकचं कोटिंग करतात. मी म्हटलं, सिरॅमिक म्हणजे कपबशा ना? गाडीची काय कपबशी करणार आहात? तर म्हणे, काचेसारखा थर असतो, रंग टिकतो, धूळ चिकटत नाही. खर्च ऐकला आणि मी म्हटलं, मीही येते बरोबर. माणूस एकटा सोडला तर तो चाकांनाही कोटिंग करून येईल.

तिथे बघते तर काम करणारी बाई! चांगली दणकट, तोंडाने फटकळ, हातात काळे मोजे. आधी तिचं ब्यूटी पार्लर होतं म्हणे. "बायकांचे चेहरे खूप केले काकू," मला म्हणाली, "शेवटी गाड्यांकडे वळले. गाडी आरशात बघून 'माझी बहीण जास्त गोरी दिसते' असं म्हणत नाही." बाबा माझ्या कानात कुजबुजले, "पार्लरवालीच्या हातात गाडी द्यायची?" तिने ऐकलं. म्हणाली, "काका, माझ्या हातून आजवर एकही गिऱ्हाईक रडत गेलेलं नाही, आणि त्या तर जिवंत होत्या."

तिने आधी गाडी धुतली. मग चिकणमातीसारखा एक मऊ गोळा ओल्या पत्र्यावरून फिरवला आणि तो उलटा करून मला दाखवला, तर काळाकुट्ट. रोज पुसलेल्या गाडीतून एवढा मळ! मग शटर खाली ओढलं आणि एक मोठा दिवा बॉनेटजवळ धरला. ठमे, काय सांगू. त्या निळ्या रंगात हजारो बारीक रेघा, सगळ्या गोल गोल, दिव्याभोवती कोळ्याने जाळं विणावं तशा. दिवा हलवला की जाळंही त्याच्याबरोबर हलायचं. मला आधी ती नक्षीच वाटली, मी म्हणालेसुद्धा, किती सुंदर! बाई म्हणाली, "काकू, हा काकांचा हात आहे. कोरडी धूळ असते ना, तिच्यावरून कापड फिरवलं की ते पॉलिशपेपरचं काम करतं. रोज थोडं थोडं." बाबा वाकून बघत होते, ते सरळ झालेच नाहीत. एवढंच म्हणाले, "मी तर जपत होतो."

"जपतच होतात," ती म्हणाली. तिने ते सहज म्हटलं, टोमणा नव्हता त्यात.

मग तिने ताप बघायच्या यंत्राएवढं काहीतरी काढलं. ते पत्र्याला टेकवलं की रंगाचा थर किती जाड आहे तो आकडा येतो. मॅट्रिकला विज्ञानात मी काठावर पास, तरी ते बघून माझ्या अंगावर काटा आला. केसाहूनही पातळ गोष्ट, ती मोजायची म्हणजे काय! ती एकेक ठिकाण सांगत गेली. छप्पर चांगलं, दारं बरी, बॉनेट झिजलेलं. बॉनेटच्या उजव्या बाजूला मात्र तिने यंत्र पुन्हा पुन्हा टेकवलं. "काका, इथे काय होतं हो? वीतभर जागा एवढी पातळ झालीय, जसं कुणी इथेच उभं राहून घासत बसलंय. अजून थोडं घासलं असतं तर खालचा पत्रा दिसला असता." बाबा म्हणाले, "झाडाचं काहीतरी चिकट पडतं तिथे." मी मान डोलावली. आपल्या आवारात झाड नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

बाकी सगळीकडे तिने पॉलिशच्या यंत्राने घासून त्या रेघा काढल्या, पण त्या जागेला यंत्र लावायला ती तयार होईना. म्हणाली, "रेघा काढायच्या म्हणजे वरचा थर खरवडायचा, आणि इथे खरवडायला काही उरलेलं नाही. आहेत तशा ठेवून वरून कोटिंग करते. रेघा राहतील, पण रंग वाचेल." बाबा म्हणाले, "राहू द्या."

कोटिंग करताना मी स्टुलावर बसून बघत होते. इवल्याशा बाटलीतून चारपाच थेंब एका गादीवर घ्यायचे आणि पत्र्यावर उभे-आडवे ओढायचे. आधी काहीच दिसत नाही, ओलं ओलं फक्त. मग हळूहळू त्या ओलाव्यावर इंद्रधनुष्य उमटतं. जांभळं, हिरवं, सोनेरी, श्वास घेतल्यासारखं पसरतं. माझे हात आपोआप जोडले गेले. बाई ओरडली, "काकू, पाया नंतर पडा, बाजूला व्हा, हे वेळेत पुसलं नाही तर दगड होतं!" आणि तिने ते इंद्रधनुष्य चक्क पुसून टाकलं. खाली जे राहिलं त्यात मला माझा चेहरा दिसला, कपाळावरच्या आठीसकट. देवाने माणसाच्या बुद्धीत काय काय घालून ठेवलंय, आणि आपण तिने भाजी निवडतो! किती पैसे झाले ते विचारू नकोस. घरी येऊन हिशेब लिहिताना हे कुठल्या सदरात घालावं कळेना. घरखर्च म्हणवेना, औषधपाणीही नाही. शेवटी देवधर्मात घातलं.

त्या संध्याकाळी दिवा लावताना देव्हाऱ्यातली पितळेची मूर्ती बघितली. माझ्या सासूबाईंनी घासली, मग मी घासली. तिला आता नाक उरलेलं नाही, डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन खुणा. इतकी वर्षं रोज बघते, पण दिसलं त्या दिवशी. मी ती फक्त पाण्याने धुतली आणि अलगद टिपून ठेवली.

निघताना बाईने बाबांना बजावलं होतं, आठवडाभर पाणी नाही, कापड नाही, हात नाही. थर आतून घट्ट व्हायला वेळ लागतो. "आणि काका, हे चिलखत नव्हे. दगड लागला तर टवका उडणारच. घाणही बसेल. फक्त ती मुरणार नाही, धुतली की जाईल." तो आठवडा काय विचारतेस! गाडीवर धूळ बसायची आणि बाबा वर बसून तिच्याकडे बघायचे. हाताला चाळा हवा म्हणून त्यांनी पंखे पुसले, माझे डबे पुसले, एकदा तर माझ्या नाकावरचा चष्मा काढून पुसला. आणि अशात एका दुपारी कावळ्याने बॉनेटवर आपली कामगिरी बजावली. मी वरून पाहिलं, बाबा फडकं घेऊन धावले. मी मनात म्हटलं, झालं, गेले पैसे. पण गाडीपाशी पोचल्यावर ते थांबले. फडकं खिशात घातलं आणि त्या बाईला फोन लावला. तिने सांगितलं, "मऊ कापड ओलं करा, त्यावर नुसतं ठेवा. वाट बघा. सुटलं की उचला. घासायचं नाही." त्यांनी तसंच केलं. कापड ठेवलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. मग अलगद उचललं. डाग आला कापडाबरोबर. वर येऊन मला ते कापड दाखवलं, कुणी बक्षीस दिल्यासारखं. म्हणाले, "नुसतं ठेवायचं असतं ग. मला वाटायचं, जोर लावावा लागतो."

आता रविवारचं. आठवडा संपला होता, पहिल्यांदा गाडी धुवायची म्हणून मीही खाली गेले. बाबांनी तांब्याने पाणी सोडलं आणि मी बघतच राहिले. अळवाच्या पानावर कसं, तसं पाणी! गोल गोल मोती झाले, एकमेकांत मिसळले, उताराला लागले आणि धूळ बरोबर घेऊन पळत सुटले. एका मोत्यात आकाश, दुसऱ्यात आपली इमारत. आठवडाभराची धूळ कुणी न घासता गेली. ज्या जागेला यंत्र लावलं नव्हतं तिथेही तसंच, रेघांवरून मोती घरंगळत होते. आम्ही दोघं तांब्यामागून तांबे ओततच होतो, पाण्याचं बिल कोण भरतं हेही मी विसरले. मग बाबा एकदम म्हणाले, "तू वर जा. दूध ठेवलं असशील." दूध मी ठेवलंच नव्हतं. पण वर आले, आणि तुझा फोन वाजला.

तू पडद्याच्या दांडीची गंमत सांगत होतीस, ती भिंतीत बसवताना शेजारणीच्या घरात निघाली ती. मी बोलता बोलता खिडकीतून खाली बघितलं. गाडी केव्हाच झाली होती. पुसायला काही उरलंच नव्हतं. बादली उपडी, कापड दोरीवर वाळत. आणि बाबा बॉनेटच्या उजव्या बाजूला उभे होते, हात पाठीमागे बांधून, मान वर करून, आपल्या खिडकीकडे बघत. तिथूनच आपली खिडकी नीट दिसते, ठमे. मी मोठ्याने हसले तर खाली तेही हसले. कसली गंमत, ते त्यांना ठाऊक नव्हतं. तेव्हा मी गप्प झाले.

म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. तू फोन करावास म्हणूनच ते खाली जायचे, आणि मी फोन ठेवेपर्यंत वर यायचे नाहीत. आपण लांबण लावायचो तेवढा वेळ तिथेच उभे, डोळे खिडकीवर, हात एकाच जागेवर फिरत. तेवढीच वीतभर जागा. मी त्यांना काही विचारलेलं नाही, विचारणारही नाही. आणि तुला हे फोनवर सांगता येणार नव्हतं, कारण फोन चालू असतो तेव्हा ते खाली उभे असतात, माझ्या तोंडाकडे बघत. आता तर हातात कापडही नसतं.

मी एकटीच वर येईन, तू म्हणालीस तशी. ते गाडीत बसतील, वर येणार नाहीत, त्यांना आता नुसतं थांबता येतं. मला तुझ्याकडून कसलाही शब्द नको. तुझ्या नव्या घराची एखादी खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे का, तेवढं कळव. म्हणजे गाडी कुठे उभी करायची, ते मी त्यांना सांगेन.

तुझीच,
आई