पातळ तारांची बाजू

प्रिय बारक्या,

तुझी गिटार दुरुस्त झाली आहे, म्हणजे मीच बिघडवली होती ती सरळ केली आहे. पातळ तारा कानात टोचतात असं लिहून तू ती परत पाठवलीस तेव्हा माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं लोकांच्या गिटारी लावून देते आहे, आणि कालचं पोर मला शिकवणार! तुझा ॲम्प्लिफायरच फुटका असेल असं ठरवून मी मोकळी झाले.

मग समोरच्या शाळेतल्या संगीताच्या बाई आपली गिटार घेऊन आल्या. महिन्यापूर्वी मीच लावून दिलेली, आणि तक्रार तुझीच. मी वाजवून पाहिली, मला तर छान वाटली. बाई मात्र दात शिवशिवल्यासारखं तोंड करून उभ्या होत्या.

तारांची थरथर उचलणारा पिकअप किती वर ठेवायचा, हे मी कानानेच ठरवते. तार आणि पिकअपच्या मध्ये दोन नाणी सरकवून अंतर बघणाऱ्यांची मी कायम टिंगल केली. बाई गेल्यावर दार लावून घेतलं आणि गुपचूप पर्समधून दोन नाणी काढली. जाड तारांखाली दोन्ही अलगद गेली. पातळ तारांखाली एकसुद्धा जाईना. आवाज उजळ होत नाही म्हणून मी त्या बाजूचा स्क्रू फिरवून पिकअप वर वर आणतच राहिले होते. मग तुझी गिटार काढली. तिथेही तेच.

बाबांचं आठवतं ना? सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणून ते चिडायचे. जेवताना कोणी हसलं तर आपल्यालाच हसले असं त्यांना वाटायचं. शेवटी बोलणंच सोडलं आणि खिडकीशी खुर्ची टाकून बसायला लागले. मला ती खुर्ची सारखी दिसते रे. सकाळचा गजर वाजत नाही म्हणून मी घड्याळ बदललं, तर तुझे दाजी म्हणतात, जुनंही रोज बोंबलत होतं.

गुरुवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचं आहे. दाजींना अजून सांगितलेलं नाही. कानच गेला तर या दुकानात बसून मी करायचं काय? खूप भीती वाटते आहे. तुझी गिटार नाण्यांनी लावली आहे. वाजवून बघ आणि खरं काय ते कळव, माझं मन राखू नकोस.

फोन सोडून ताईला पत्राचं खूळ कुठून लागलं, म्हणून हसत असशील. फोनवर तुझं अर्धं बोलणं मी अंदाजाने जुळवते. परवा तू तुझ्या तान्ह्या लेकीचं नाव सांगितलंस आणि मी 'अगदी गोड' म्हणाले. मला ते ऐकूच आलं नव्हतं, आणि पुन्हा विचारायची लाज वाटली. तेवढं नाव मोठ्या अक्षरात लिहून पाठव. लहान पोरींचा आवाज किती बारीक असतो. ती मला हाक मारायला लागेल तेव्हा काय होईल कोण जाणे, म्हणून तिचं नाव मला आत्ताच मोठ्याने म्हणून ऐकायचं आहे.

तुझीच,
घाबरलेली ताई