पहिला, दुसरा, परत पहिला

रविवार, दिवेलागण. रामनगर

अंग मोडून आलंय. आईला बेळगावच्या दवाखान्यातून घरी आणलं. पोटाच्या ऑपरेशनचे टाके अजून ताजे आहेत. सकाळी धाकटा भाऊ म्हणालेला, "दादा, माझी ऑटोमॅटिक गाडी घेऊन जा. हिसके बसणार न्हाईत." मी म्हटलं, "गिअर आपल्या हातात असलेला बरा." कसली ही मिजास?

लोंढ्याच्या पुढे ट्रकांची रांग. दुसऱ्या गिअरवर गाडी गचके खायची, म्हणून पहिल्यावरच ठेवली. पुढं जागा सोडून, ब्रेक न लावता सरकत राहायचं ठरवलं. पण त्या जागेत मोटारसायकली घुसायच्या, की परत ब्रेक, परत क्लच, परत हिसका. दर हिसक्याला आरशात आईचा हात पोटावर जाताना दिसायचा. क्लच दाबून माझा गुडघा भरून आला, पण ते कुठल्या तोंडानं सांगू?

दारात गाडी थांबवून तिला उतरवलं. तिचा हात अजून पोटावरच होता.

"काय दुखलं न्हाई बघ मला," ती म्हणाली.

साऱ्या वाटेत मी एकदाही विचारलं नव्हतं.