पट्टीखालचे नाव

मी, जयवंत धोंडू परब, वय एकसष्ट, राहणार मुलुंड पूर्व, जिमखान्यात बिलियर्डच्या टेबलांची निगा राखणारा व गुण मांडणारा निवृत्त मार्कर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. घशाच्या कर्करोगाने माझा आवाज जवळजवळ गेला आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहावे म्हणून माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. लिहू नये म्हणून मात्र माझा मुलगा नंदकुमार याने पुष्कळ आणले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहता ब्लॉक व बँकेतील शिल्लक माझी पत्नी सौ. रत्नप्रभा हिला मिळावी. तिच्या हयातीत तिला येथून कोणी हलवू नये; डोंबिवलीला मोठी जागा मिळते असे सांगूनही नाही. तिच्या पश्चात ब्लॉक नंदकुमार व मुलगी सौ. प्रेमा यांना समान जावा.

२. टेबलाचा ब्रश, कापडावर फिरवायची जड इस्त्री आणि माझ्या दोन कानशी जिमखान्यातील सध्याचा मार्कर भाऊ तांडेल याला द्याव्यात. इस्त्री फार तापवू नये, हे त्याला तीनदा सांगून झाले आहे.

३. माझ्याकडे बिलियर्ड खेळायचे सात क्यू, म्हणजे लांब काठ्या, आहेत. सातही एकेकट्या कारागिरांनी घरी बसून घडवलेले आहेत. चोवीस वर्षे साहेब लोकांचे विलायती क्यू पुसता पुसता मला हा नाद लागला. लाखकाम केलेला एक सावंतवाडीच्या बाळ चितारींनी केला. ते लाकडी खेळणी करीत आणि बिलियर्डचे टेबल त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. दोन कुर्ल्याच्या आंतोन मिस्त्रींचे आहेत. हे तीन प्रेमाला द्यावेत. ते भिंतीला टेकवून ठेवू नयेत, वाकतात. आडवे ठेवावेत.

४. उरलेले चार कै. दशरथ विठू पांचाळ, राहणार घाटकोपर, यांनी केलेले आहेत. ते त्यांची पत्नी श्रीमती जानकी यांना द्यावेत. त्याचे कारण लिहिल्याशिवाय हे कलम पुरे होत नाही.

दशरथ भांडुपच्या एका कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे करीत असे. १९७८ साली तो जिमखान्याच्या खिडक्या दुरुस्त करायला आला, तेव्हा कोपऱ्यातला मोडका क्यू त्याने मागून नेला. पंधरा दिवसांनी नवा घेऊन आला. दारूखान्याच्या बंदरात जुनी जहाजे तोडतात, तेथल्या एका वल्ह्याचे लाकूड, आणि मूठ एका जुन्या पलंगाच्या शिसवी पायातली. दोन लाकडांचा सांधा नखाला लागत नव्हता. मी तो टेबलावर लोळवून पाहिला. कोठे म्हणून उडाला नाही. परंतु घाटकोपरच्या सुताराने केला आहे म्हटल्यावर एकाही मेंबरने हातात धरला नाही.

तेव्हा मी एका मोडक्या विलायती क्यूच्या मुठीवरची कंपनीच्या नावाची पट्टी काढून दशरथच्या क्यूवर चिकटवली. त्याच मेंबरांनी तो डोक्यावर घेतला. दशरथला गंमत वाटली. पुढल्या पाच वर्षांत त्याचे चौदा क्यू अशाच पट्ट्या लावून गेले. दर वेळी, विकण्याआधी, मी ते महिनाभर घरी ठेवीत असे. आणखी तीन तर मी विकलेच नाहीत, मला ते सोडवेनात.

दोनदा त्याने मला म्हटले, "जयवंता, एका तरी काठीवर माझं नाव असू दे." दोन्ही वेळा मी पुढच्या वर्षावर ढकलले.

शेवटच्या क्यूवर त्याने मला न सांगता तापल्या तारेने आपले नाव कोरले, आणि त्यावर मी दिलेली पट्टी बसवली. तो क्यू जिमखान्याचे सेक्रेटरी विद्याधर साहेब यांनी घेतला. १९८३च्या पावसाळ्यात गोंद सुटून पट्टी त्यांच्या तळहातात आली. खाली नाव होते: द. वि. पांचाळ, घाटकोपर.

कमिटीने दोघांना बोलावले. पट्टी कोणी लावली, असे मला विचारले. प्रेमाचे लग्न ठरले होते आणि नोकरी गेली असती. हे मी कारण म्हणून लिहितो, सबब म्हणून नव्हे. मी म्हणालो, "दशरथने. मला यातलं काही ठाऊक नव्हतं."

दशरथ माझ्या शेजारी उभा होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "होय. मीच."

सेक्रेटरींनी त्याच्या कारखान्याला पत्र घातले. लबाड माणूस म्हणून तेथून त्याला काढले. पुन्हा त्याने क्यू केला नाही. देवनारकडे खोकी ठोकण्याच्या एका शेडमध्ये तो लागला. सप्टेंबर १९८५मध्ये तेथल्या फिरत्या करवतीने त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली, जखम चिघळली आणि नवव्या दिवशी तो धनुर्वाताने गेला. मी इस्पितळाच्या फाटकापर्यंत दोनदा गेलो. आत गेलो नाही.

तेराव्याला गेलो. जानकीने मला पंक्तीत बसवले, आणि वाढता वाढता म्हणाली, "भावोजी, त्यांनी तुमचं नाव खराब केलं. मनात ठेवू नका."

मी जेवलो आणि उठलो.

५. दशरथ निर्दोष होता व पट्ट्या मी लावल्या, असा माझ्या सहीचा जबाब सोबत आहे. त्याच्या प्रती जिमखान्याला व भांडुपच्या कारखान्याला द्याव्यात. हे काम प्रेमाने करावे आणि या मृत्युपत्राची व्यवस्थापकही तीच असावी. नंदकुमार म्हणाला, "बाबा, मेलेल्या माणसासाठी आपलं नाव कशाला घालवताय?" त्याच्यावर माझा राग नाही. कमिटीपुढे मीही असाच विचार केला होता. परंतु हे काम त्याच्या हाती देता येत नाही.

६. येथवर लिहून मी हा कागद साक्षीसाठी सहदेव मयेकर याला दिला. तो जिमखान्याच्या कॅन्टीनमध्ये माझ्या बरोबरीने होता. कागद वाचून तो सही करेना. म्हणाला, "मेल्यावर तिला कागद पाठवणार? तू जिवंत आहेस ना अजून?"

म्हणून परवा रविवारी सकाळी मी नाव कोरलेला क्यू घेऊन घाटकोपरला गेलो. विद्याधर साहेबांनी तो अडगळीत फेकला होता, तेथून मी उचलला होता. घशातून शब्द नीट फुटत नव्हते, तेव्हा कलम ४ जानकीच्या हातात दिले. तिने ते सावकाश वाचले, मग परत वरपासून वाचले. रडली नाही. गॅसवर दूध होते, ते उतरवून आली.

मग विचारले, "तुम्ही खोटं बोललात, हे ऐकत होते ते?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग त्यांनी मला का नाही सांगितलं? दोन वर्षं मी त्यांना बोलत होते. जेवताना बोलायची, माणसांसमोर बोलायची. बोटं गेली त्या दिवशी सकाळी, शेडमध्ये निघतानासुद्धा बोलले. मला तरी का नाही सांगितलं?"

कदाचित मला वाचवायचे म्हणून त्याने घरीही तोंड उघडले नसेल. तिला हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही, म्हणून येथे लिहितो.

क्यू तिने ठेवून घेतला. बाकीचे तीन प्रेमाबरोबर पाठवा म्हणाली. मी चपला घालीत असताना एवढेच म्हणाली, "तुम्ही परत येऊ नका."

७. सबब, माझ्या मृत्यूची खबर जानकीला देऊ नये. माझ्या तेराव्याला तिला बोलावू नये. ती आपण होऊन आली आणि चार माणसांत काही बोलली, तर तिला कोणी थांबवू नये. नंदकुमारने तर मुळीच नाही.

वरील सात कलमे मी लिहिली, पुन्हा वाचली, आणि एकही शब्द खोडावासा वाटला नाही. दोन्ही साक्षीदारांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत. सहदेवने या वेळी न बोलता केली.

(सही) जयवंत धोंडू परब

साक्षीदार:
१. (सही) सहदेव गोविंद मयेकर, राहणार भांडुप
२. (सही) चंद्रप्रकाश रामचंद्र नाईक, शेजारी, राहणार मुलुंड पूर्व

स्थळ: मुलुंड, मुंबई
दिनांक: १७ फेब्रुवारी १९८७